गंगा कालव्याची वार्षिक बंदी

हरिद्वारजवळ गंगेतून निघणारा वरचा गंगा कालवा दरवर्षी दसऱ्याच्या मध्यरात्री बंद करून दिवाळीच्या सुमारास पुन्हा सोडण्याची पद्धत. या साधारण वीस दिवसांत गाळ काढणे, विटांच्या बांधकामाची डागडुजी, दरवाजांची देखभाल आणि घाटांची सफाई उरकली जाते. कालव्याचे मुख हरिद्वारला, म्हणजे 2000 पासून उत्तराखंडात आहे. कारभार मात्र अजूनही उत्तर प्रदेशच्या सिंचन विभागाकडे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या बंदीचे एवढे अप्रूप कशासाठी, असे वाटू शकते. आपल्याकडे दोन आवर्तनांच्या मधे कालवा आपोआप कोरडा पडतो आणि तेवढ्यात दुरुस्ती करून घेता येते. गंगा बारमाही. तिचा कालवा मुद्दाम कोरडा करावा लागतो, आणि तो कोरडा झाला की कोणाचे ना कोणाचे पाणी तुटतेच.

गंगा-यमुनेच्या मधल्या दोआबात 1837-38 साली पडलेल्या भीषण दुष्काळानंतर प्रोबी कॉटली या लष्करी अधिकाऱ्याने या कालव्याचा आराखडा पुढे रेटला. काम 1842 मध्ये सुरू झाले आणि 8 एप्रिल 1854 रोजी रुडकीत पाणी सोडले गेले. कामासाठी माणसे तयार करायला रुडकीत 1847 साली जे कॉलेज निघाले, तेच आजचे आयआयटी रुडकी. हरिद्वार ते रुडकी या पहिल्या टप्प्यात शिवालिकच्या डोंगरांतून उतरणारे ओढे कालव्याला आडवे येतात. रानीपूर आणि पथरी हे ओढे कालव्याच्या डोक्यावरून नेले आहेत. धनौरीला रतमऊ नदी कालव्याच्या पातळीवरच त्याला छेदते आणि दरवाजांनी आवरली जाते. रुडकीजवळ उलटा प्रकार, तिथे कालवाच सोलानी नदीच्या वरून 15 कमानींच्या जलसेतूने जातो. प्रत्येक कमान 50 फुटांची. या सेतूच्या भरावासाठी माती वाहायला डिसेंबर 1851 मध्ये वाफेचे इंजिन लावले होते, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावण्याच्या सुमारे सोळा महिने आधी. ते माती वाहत होते, माणसे नव्हे. त्यामुळे पहिल्या प्रवासी गाडीचा मान मुंबईकडेच राहतो.

एवढे सगळे बांधकाम विटा, चुना आणि सुरखीचे (विटांच्या पुडीचे) आहे आणि वर्षभर पाण्याखाली असते. आज मुखाशी कालव्याची क्षमता सुमारे 10,500 क्युसेक, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 3 लाख लिटर आहे. इतक्या पाण्याखाली कुठली वीट सुटली, कुठल्या दरजेतला चुना धुपून गेला, हे वरून दिसत नाही. झीज सर्वात जास्त असते ती प्रपातांच्या, म्हणजे कालव्याचे पाणी पायरीसारखे खाली उतरवणाऱ्या बांधकामांच्या पायथ्याशी. कॉटलीने मूळ उतार जरा जास्तच ठेवला होता, त्यामुळे पाणी वेगाने धावून तळ खरवडू लागले. दक्षिणेत गोदावरीवर नाव कमावलेल्या आर्थर कॉटन या अभियंत्याने 1860 च्या दशकात याच मुद्द्यावर कॉटलीला जाहीरपणे धारेवर धरले आणि पुढे कालव्याची फेररचना करावी लागली. कॉटनची टीका जिव्हारी लागणारी होती. उताराबाबत मात्र ती बरोबर होती.

बंदीचा मुहूर्त धार्मिक वाटतो, पण त्याचे गणित शेतीचे आहे. पावसाळ्यात आलेला गाळ दसऱ्यापर्यंत तळाशी बसलेला असतो. भात कापणीला आलेला असतो, त्याला पाणी नको असते. गव्हाच्या पेरणीआधीचे पाणी, ज्याला तिकडे ‘पलेवा’ म्हणतात, ते दिवाळीनंतर लागते. या दोन पिकांच्या सांध्यात बंदी बसवलेली आहे. ऊस मात्र वर्षभर उभा असतो आणि पश्चिम उत्तर प्रदेश हा उसाचाच मुलूख आहे. ऊसवाल्याला या दिवसांत ट्यूबवेलचा आधार घ्यावा लागतो. कालव्यावरच्या पथरी, मोहम्मदपूर अशा छोट्या वीजकेंद्रांचीही चाके थांबतात.

पाणी एका रात्रीत काढून घेता येत नाही. काठाची माती पाण्याने तुडुंब भिजलेली असते. समोरचा पाण्याचा दाब झपाट्याने उतरला तर आतले पाणी माती ढकलत बाहेर येते आणि काठ घसरतो. सोलानीसारख्या उंच भरावावर हा धोका अधिक. म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने उतरवायचे आणि भरतानाही तसेच. वीस दिवसांतले आधीचे आणि नंतरचे दिवस यातच जातात. कामाला उरतात ते मधले. चुन्याला जमायला वेळ लागतो, सिमेंट लगेच धरते, त्यामुळे घाईच्या दुरुस्तीत सिमेंटचा मोह होतो. पण जुन्या चुन्याच्या बांधकामावर कडक सिमेंटचा थर फार काळ एकजीव राहत नाही, आणि सुटताना जुन्या विटेचा पापुद्राही घेऊन जातो.

हरिद्वारच्या हर की पौडी या मुख्य घाटासमोरचे पात्र उघडे पडते तेव्हाचे दृश्य पाहण्यासारखे असते. यात्रेकरूंनी वर्षभर टाकलेली नाणी शोधायला माणसे, पोरेसोरे गोट्यांमध्ये उतरतात. कोणी चाळणी घेऊन रेती गाळत बसतो, कोणी डबक्यात अडकलेले मासे धरतो. ऑक्टोबर 2024 मध्ये हरिद्वार रेल्वे स्थानकाजवळ तळातून चक्क जुने रूळ वर आले आणि बघ्यांची गर्दी झाली. बांधकामाचे साहित्य ढकलगाड्यांतून वाहण्यासाठी ते टाकले असावेत, असा कयास आहे. भाविकांना मात्र ही कोरडी गंगा रुचत नाही. मदन मोहन मालवीय यांच्या पुढाकाराने 1916 साली सरकारशी झालेल्या समझोत्यात हर की पौडीवर अखंड प्रवाह राखण्याचे ठरले होते. बंदीत धार रोडावली की त्या समझोत्याची आठवण दरवर्षी करून दिली जाते.

कॉटलीच्या हिशेबात नसलेला ग्राहक आज सर्वात मोठ्याने बोलतो, तो म्हणजे शहरातला नळ. दिल्लीची सोनिया विहार आणि भागीरथी ही जलशुद्धीकरण केंद्रे मुरादनगरला कालव्यातून येणारे पाणी घेतात. बंदीत ती यमुनेच्या पाण्यावर चालवावी लागतात. यमुनेत अमोनिया वाढला की उत्पादन घटते आणि पूर्व व दक्षिण दिल्लीत टँकरची वेळ येते. गाझियाबाद आणि नोएडात ‘गंगाजल’ आटले की बोअरचे क्षारयुक्त जड पाणी नळाला येते. यावर ठरलेला उपाय म्हणजे आगाऊ सूचना, साठा करून ठेवण्याचे आवाहन आणि टँकर. शेतकऱ्यासाठी बेतलेली तारीख शहराला सणासुदीच्या ऐन तोंडावर गाठते, कारण दसरा-दिवाळीतच घरात पाण्याचा खर्च सर्वात जास्त.

दिवाळीला हरिद्वारचे दरवाजे उघडले तरी शहरातला नळ त्याच दिवशी पूर्ववत होत नाही. आधी थोडे पाणी सोडून कोरडा तळ भिजवतात, काठ तपासतात, मग पातळी चढवतात. नाणी वेचणारे तेव्हा चाळण्या आवरून घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसलेले असतात.