एलिट

एलिट हा अंतराळातील व्यापार आणि लढाईचा संगणकीय खेळ. केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी तो लिहिला. सप्टेंबर १९८४मध्ये एकॉर्नसॉफ्ट या प्रकाशन कंपनीने बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी तो ब्रिटनमध्ये विक्रीस आणला. (भारतात ‘क्लास’ या संगणक-साक्षरतेच्या योजनेतून शाळांमध्ये पोहोचलेला संगणक तो हाच.) पुढे कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम अशा इतर यंत्रांवरही हा खेळ आला.

कोब्रा मार्क ३ हे यान आणि १०० क्रेडिट एवढ्या भांडवलावर खेळाडू लेव्ह ग्रहाजवळच्या स्थानकातून निघतो. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्तात घ्यायचे, औद्योगिक ग्रहावर विकायचे, परतताना यंत्रे किंवा संगणक भरून आणायचे. नफ्यातून चांगले लेझर घ्यायचे, कारण वाटेत चाचे गाठतात. गुलाम, अमली पदार्थ आणि शस्त्रे यांत पैसा जास्त, पण मग पोलीस मागे लागतात. नवख्याला सगळ्यात जड जाते ते स्थानकात शिरणे. स्थानक स्वतःभोवती फिरत असते. यानाची गिरकी त्याच्या अरुंद फटीशी जुळली नाही, तर यानाचा चुराडा होतो. त्या काळच्या खेळांत ठरून गेलेले तीन जीव आणि गुणसंख्या इथे नाहीत. ‘हार्मलेस’पासून ‘एलिट’पर्यंत दर्जा चढत जातो, शेवटच्या दर्जासाठी ६,४०० याने पाडावी लागतात.

याने नुसत्या रेषांनी काढलेली, तरी त्रिमितीय आहेत, आणि पलीकडच्या बाजूच्या रेषा दिसत नाहीत. पडद्याचा वरचा भाग बारीक ठिपक्यांचा, दोनरंगी. खालचा फलक चाररंगी. त्यासाठी चित्र उमटत असतानाच, मध्येच, संगणकाची चित्रपद्धती बदलली जाते.

पण या खेळाचे खरे मोठेपण त्याच्या विश्वात आहे. ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. एवढी यादी तिथे मावणे शक्यच नव्हते, म्हणून ती साठवलीच नाही. सहा बाइटांत बसणाऱ्या तीन संख्या घ्यायच्या, त्यांची बेरीज करून पुढची काढायची आणि सर्वांत जुनी सोडून द्यायची. अशा संख्यांतूनच ग्रहाचे नाव, राजवट, अर्थव्यवस्था, लोकसंख्या ठरते. आकडेमोड तीच असल्याने लेव्ह प्रत्येक वेळी तसाच, तिथेच सापडतो. या रीतीने सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा काढता आल्या असत्या, आणि लेखकांच्या मनात तेच होते. एवढ्या पसाऱ्यात ग्रहांचा एकसाचीपणा उघडा पडेल, असे प्रकाशकांना वाटले आणि त्यांनी आकडा ८वर आणला.