एकाच काउंटरवरची दोन पाने: क्रॅटम आणि सीबीडीची पार्श्वभूमी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना पेट्रोल पंपावरच्या दुकानातला तो काउंटर ओळखीचा असेल. लॉटरीच्या तिकिटांशेजारी हिरव्या पावडरीच्या कॅप्सूल आणि रंगीत गमीज मांडलेल्या असतात. एका पाकिटावर क्रॅटम लिहिलेले, दुसऱ्यावर सीबीडी. दोन्हींवर पानाचे चित्र आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द. गुडघे धरलेत, झोप लागत नाही, वेदनाशामक गोळ्या सुटत नाहीत, अशी माणसे यातले काहीही उचलतात, कारण दोन्ही एकाच जातीची वाटतात.

ती तशी नाहीत. क्रॅटमचे पान पिढ्यानपिढ्या अफूच्या जागी चघळले गेले आणि त्यातला अंश मेंदूत अफू जिथे काम करते तिथेच जाऊन काम करतो. दुसऱ्या, म्हणजे भांगेच्या झाडातून काढलेल्या सीबीडीने (कॅनाबिडिऑल) नशा येत नाही, पण ते औषध आहे आणि औषधासारखेच वागते. दोघांना एकत्र आणले ते बाजाराने. आणि दोघांच्याही बाबतीत पानाचा जुना इतिहास पुढे करून प्रयोगशाळेत दाट केलेला माल खपवला गेला. मला ही गोष्ट गंभीर वाटते, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

क्रॅटम म्हणजे मायट्रागायना स्पेसिओसा. कॉफीच्याच कुळातले हे सदाहरित झाड दक्षिण थायलंड, मलेशिया, बोर्निओ, पापुआ न्यू गिनी इथल्या दमट रानात वाढते. पीटर कोर्टहाल्स या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडेही आहे: कळंब, मायट्रागायना पार्विफोलिया. आपल्या पानझडी जंगलांत कदंबासारखे गोल फुलांचे गेंद धरणारा हा वृक्ष अनेकांनी पाहिलेला असतो. मात्र त्याच्या पानांतली रसायने वेगळी आहेत, तेव्हा नात्यावर विसंबून कुणी कळंबाची पाने उकळायला घेऊ नयेत.

दक्षिण थायलंडमध्ये हे कष्टकऱ्यांचे पान. रबराच्या झाडांना चिरा देणारे मजूर, भातशेतीतले गडी, मासेमार ते खात. ताजे पान तोडायचे, मधली शीर ओढून टाकायची, घडी करून दाढेखाली धरायचे. चव कडूजहर, म्हणून कुणी मिठाची चिमूट घेई, कुणी वर कोमट पाणी पिई. दोन-चार पानांनी तरतरी येते, ऊन सोसवते, काम ओढले जाते. प्रमाण वाढले की उलटे होते: अंग जड होते, वेदना बधिर होतात. आपल्याकडे पानसुपारी पुढे करतात तसे तिकडच्या खेड्यांत आल्यागेल्यासमोर हे पान ठेवले जाई.

पण ते निरुपद्रवी होते असे नाही. थायलंडमधल्या, नेहमी हे पान खाणाऱ्या ३० जणांची पाहणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे पान खाणाऱ्यांत वजन घटणे, बद्धकोष्ठ, झोप उडणे, गालांवर काळवंडलेली त्वचा ही लक्षणे आढळली. सोडायला गेल्यावर अंगदुखी, नाक गळणे, हातपाय झटकणे. अफू सोडणाऱ्याची लक्षणे ज्याने पाहिली आहेत, त्याला यात नवे काही वाटणार नाही. अफूची जागा हे पान घेऊ शकते हेही जुनेच ज्ञान. १८९७ मध्ये सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांनी अफू सोडवण्यासाठी या पानांचा वापर होत असल्याचे लिहून ठेवले आहे.

आणि इथेच सरकारी तिजोरी मध्ये येते. थायलंडमध्ये अफूचा व्यापार सरकारच्या ताब्यात होता आणि करातून मोठे उत्पन्न येई. अफू महागली तसे लोक फुकटच्या क्रॅटमकडे वळू लागले. १९४३ मध्ये तिथल्या संसदेत हे उघडपणे बोलले गेले: अफूवर कर आहे, क्रॅटमवर नाही, लोक तिकडे जातात आणि महसूल बुडतो. त्याच वर्षी क्रॅटम कायदा झाला आणि नवी लागवड बंद झाली. अफूवर पुरती बंदी यायला आणखी दीड दशक लागले. १९७९ च्या अमली पदार्थ कायद्यात क्रॅटम गांजाच्या रांगेत जाऊन बसले. ज्या पानाला आजोबा कामावर निघताना खिशात टाकत, त्याच पानासाठी नातू तुरुंगात जाऊ लागला. २४ ऑगस्ट २०२१ रोजी थायलंडने ते अमली पदार्थांच्या यादीतून काढले, तेव्हा बारा हजारांवर लोकांच्या शिक्षा आणि खटले निकाली निघाले.

भारतात याच तिजोरीने उलटा निर्णय घेतला होता. ब्रिटिश सरकारला गांजा-भांगेवर अबकारी मिळत असे. बंदीची मागणी झाली तेव्हा १८९३ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले. सात सदस्य, त्यांतले तीन भारतीय, ११९३ साक्षी आणि हजारो पानांचा अहवाल. निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसे नुकसान दिसत नाही. सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा. आयोगाने मेहनत केली यात शंका नाही आणि साक्षी आजही वाचण्यासारख्या आहेत. पण उत्पन्न देणारे पीक राहिले आणि उत्पन्न खाणारे झाड उपटले गेले, हे दोन्ही देशांचे कागद शेजारी ठेवले की लक्षात येते.

औषध म्हणून भांगेची आधुनिक कथाही भारतातच सुरू होते. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर विल्यम ओशॉनसी यांनी १८३९ मध्ये आपले प्रयोग मांडले. त्यांत अवघ्या चाळीस दिवसांच्या एका मुलीची हकीकत आहे. तिला सतत झटके येत होते. भांगेचा अर्क थेंबाथेंबाने दिल्यावर ते थांबले. अर्कातले नेमके काय कामी आले हे कळायची तेव्हा सोय नव्हती. सीबीडी वेगळे झाले १९४० मध्ये, इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स यांच्याकडे. त्याची रचना १९६३ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम यांनी उलगडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सहकारी गाओनी यांच्यासह भांगेतलेच टीएचसी वेगळे केले. तेव्हा स्पष्ट झाले की झिंग आणणारे टीएचसी वेगळे आणि सीबीडी वेगळे. मेंदूतल्या ज्या ग्राहींना (रिसेप्टर, म्हणजे रसायन जिथे चिकटून काम करते त्या जागा) टीएचसी चालू करते, त्यांना सीबीडी तसे चालू करत नाही. सीबीजी, सीबीसी ही त्याच झाडातली इतर बिननशेची भावंडे. त्यांच्यावरचे माणसांतले संशोधन फारच थोडे आहे आणि पाकिटावरचे दावे मात्र भरपूर.

ओशॉनसींच्या त्या मुलीनंतर सुमारे १४० वर्षांनी, १९८० मध्ये, ब्राझीलमध्ये एलिसाल्दो कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या आठ रुग्णांना रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम सीबीडी दिले. चौघांचे झटके जवळजवळ बंद झाले, तिघांना काही आराम पडला. एवढा ठळक निकाल असूनही जगाने जवळपास तीन दशके तिकडे पाहिले नाही, कारण झाड बदनाम होते. अखेर २५ जून २०१८ रोजी अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या लहान मुलांतल्या हट्टी अपस्मारांसाठी एपिडिओलेक्स हे शुद्ध सीबीडीचे औषध मंजूर केले. त्या तीस वर्षांत किती आईबापांनी मुलांचे झटके नुसते मोजले असतील, हा विचार मला सोडत नाही.

क्रॅटमचे रसायनशास्त्र याच्या समांतर चालले, पण फार हळू. १९२१ मध्ये एडिंबरोला एलन फील्ड यांनी पानातला मुख्य अंश काढून त्याला मायट्रागायनीन नाव दिले. १९९४ मध्ये ७-हायड्रॉक्सीमायट्रागायनीन सापडले. दोन्ही मेंदूतल्या ओपिऑइड, म्हणजे अफू जिथे काम करते त्याच, ग्राहींना चिकटतात. मायट्रागायनीनचा जोर अर्धवट असतो. दुसरे मात्र प्राण्यांवरच्या प्रयोगांत मॉर्फिनपेक्षा कितीतरी जहाल ठरले. पानात ते नावापुरतेच असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोघे अमेरिकेत एका काउंटरवर आले ते ओपिऑइड संकटामुळे. डॉक्टरांनी वर्षानुवर्षे सढळ हाताने दिलेल्या अफूच्या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या २०१० नंतर आटू लागल्या. वेदना आणि व्यसन तसेच राहिले. काही लोक हेरॉइन आणि त्याहून जहाल, कृत्रिम फेंटॅनिलकडे गेले, काहींनी क्रॅटमची पावडर धरली. इंडोनेशियातल्या पश्चिम कालीमंतानमध्ये कापुआस नदीकाठच्या शेतकऱ्यांनी रबराचे भाव पडल्यावर क्रॅटम लावले आणि पाने सुकवून, दळून तिकडे जाऊ लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये डीईएने, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, क्रॅटमला हेरॉइनच्या यादीत टाकण्याची घोषणा केली. लोक व्हाइट हाऊससमोर जमले, विरोधाच्या अर्जावर एक लाख चाळीस हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये डीईएने माघार घेतली. सीबीडी ज्यापासून काढतात त्या हेम्पला, म्हणजे कमी टीएचसीच्या भांगेला, मोकळीक डिसेंबर २०१८ च्या शेतकी कायद्याने मिळाली: वाळलेल्या मालात डेल्टा-९ टीएचसी (झिंग आणणारे नेहमीचे टीएचसी) ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर तो हेम्प. हा आकडा मुळात अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ मध्ये वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी सोयीची रेघ म्हणून सुचवला होता. नशेची मर्यादा म्हणून तो कधीच काढलेला नव्हता.

धोका किती, यावर दोन्ही टोकांची विधाने होतात. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २७ राज्यांतल्या जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ मधल्या २७,३३८ अतिसेवनाच्या मृत्यूंची छाननी केली. १५२ जणांत क्रॅटम सापडले, त्यांतल्या ९१ जणांत ते मृत्यूचे एक कारण ठरले आणि फक्त ७ जणांत तपासणीत दुसरे काही आढळले नाही. बहुतेकांच्या रक्तात फेंटॅनिल होते. म्हणजे क्रॅटम हेरॉइनइतके घातक नाही. पण ‘चहाच की तो’ असे म्हणणाऱ्यांनाही हे आकडे साथ देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीत व्यसन लागण्याचा गुण दिसत नसल्याचे सांगितले. २०२१ मध्ये क्रॅटमबद्दल तिने बंदीची प्रक्रिया पुढे नेण्याइतका पुरावा नाही, पण नजर ठेवा, असे म्हटले. दोन्ही निष्कर्ष संयमाचे आहेत आणि ते एकसारखे नाहीत.

बाजाराने मात्र संयम ठेवला नाही. सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून त्याचे डेल्टा-८ हे टीएचसीचे दुसरे रूप करता येते आणि ते नशा आणते. बिननशेच्या मालाच्या परवान्याखाली नशेचा माल दुकानात आला. क्रॅटमच्या बाजूला मायट्रागायनीनपासून ७-हायड्रॉक्सी बनवून त्याच्या गोळ्या निघाल्या. थायी मजूर शतकभर पान खात आला, हे खरे. पण ही गोळी त्याने कधी खाल्ली नव्हती. जुलै २०२५ मध्ये एफडीएने या दाट ७-हायड्रॉक्सीवर नियंत्रणाची शिफारस केली आणि साधे पान आपले लक्ष्य नसल्याचे सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये हेम्पची व्याख्याही आवळली गेली: एकूण टीएचसी मोजायचे, एका डबीत ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा, प्रयोगशाळेत बनवलेले प्रकार बाद, अंमलबजावणी वर्षभरानंतर. उशिरा का होईना, दोन्हीकडे पान आणि अर्क यांत फरक केला गेला.

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. बिया आणि सुटी पाने त्या व्याख्येबाहेर राहतात. उत्तराखंडने २०१८ मध्ये हेम्पच्या व्यापारी लागवडीला वाट करून दिली. अन्नसुरक्षा पाहणाऱ्या एफएसएसएआयने २०२१ मध्ये हेम्पचे बी, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केले. बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसते, तेव्हा ते सांधेदुखीचे औषध म्हणून विकणाऱ्याचे ऐकू नये. ‘विजया’ या नावाने भांगेच्या पानांचा अर्कही आयुष परवान्यावर मिळतो, पण तो शुद्ध सीबीडी नव्हे. त्यात टीएचसी असू शकते.

घरच्या ज्येष्ठांसाठी कुणी अमेरिकेतून ही पाकिटे आणत असेल, तर त्यांच्या चालू गोळ्यांची यादी आधी डॉक्टरांना दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा आणि फिटवरच्या क्लोबाझामचा परिणाम सीबीडीमुळे वाढू शकतो. फिटवरच्याच व्हॅल्प्रोएटसोबत घेतल्यास यकृताची एन्झाइम्स चढतात. क्रॅटम झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांसोबत घेतले तर श्वास मंदावू शकतो. आणि येताना सिंगापूरला विमान बदलायचे असेल तर क्रॅटम बॅगेत ठेवूच नका. तिथल्या कायद्यात मायट्रागायनीन पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात आहे.