यात्रेला महोत्सव का म्हणू नये

जानेवारीत सोलापुरात बाहेरगावचा कुणी आला की हमखास विचारतो, ‘तुमच्याकडे मोठा फेस्टिव्हल चाललाय म्हणे?’ तो बोलत असतो सिद्धेश्वराच्या यात्रेबद्दल, म्हणजे आमच्या गड्ड्याबद्दल. उलट बाजूनेही एक मागणी ऐकू येते: सोलापुरात मोठा संगीत महोत्सव भरवा, गड्ड्याला लाखानं माणूस येतोच, तोच तिकडेही येईल. दोन्हीकडे गर्दी, वाद्यं, रोषणाई, खाण्याच्या गाड्या, म्हणून ही गल्लत होते. पण आपल्यासारख्या जुन्या वळणाच्या गावात या दोन गोष्टींना घरातून मिळणारी परवानगी एक नसते, आणि पर्यटनाचं सगळं गणित तिथंच अडतं.

आधी गड्डा. संक्रांतीच्या आसपास सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. शहरभर पसरलेल्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तो उंच काठीचा तोल सांभाळत रस्त्यानं चालतात, पुढे हलग्या कडकडत असतात, आणि ‘हर्र बोला हर्र’ची आरोळी एका चौकातून उठून दुसऱ्या चौकात पोचते. मग संमती कट्ट्याजवळ अक्षता. कथा अशी की सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे सिद्धेश्वरांशीच, लग्न करायचा ध्यास एका कुंभारकन्येनं घेतला होता, आणि त्यांनी तिचं लग्न आपल्या योगदंडाशी लावून दिलं. दरवर्षी तेच लग्न पुन्हा लागतं. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ सुरू झालं की चहूबाजूंनी तांदूळ उडतात. केसांत, कॉलरमध्ये, शेजारच्याच्या चष्म्यावर. दोन तासांपूर्वी स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याच्या मुठीतही कुणीतरी अक्षता देतं. त्या क्षणी तो पर्यटक राहत नाही, वऱ्हाडी होतो. लग्नात प्रेक्षक कोण असतो? जो आला तो त्या घरचा.

महोत्सवात नेमकं हेच नसतं, आणि नसावंही. तिथं तिकीट असतं, मनगटावर पट्टा असतो, मंच आणि प्रेक्षक यांच्यात कठडा असतो. गाणारा ठरलेल्या वेळी येतो, ऐकणाऱ्यानं पैसे मोजलेले असतात आणि चुकलं तर कुणाला धरायचं हे कागदावर असतं. यात्रेत मान असतो, महोत्सवात करार. नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटून दिलेला आहे. तो विकत मिळत नाही, आणि ज्याच्याकडे आहे तो माणूस गावाला तोंडानं ओळखीचा असतो. म्हणून तिथं आगाऊपणा करणाऱ्या पोराला पोलिसाआधी कुणाचा तरी काका गाठतो.

आवाजाचाही फरक आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. यात्रेचा आवाज चालता असतो. हलगी दारावरून जाते, दहा मिनिटांत पुढच्या गल्लीत. महोत्सवाचा आवाज एका जागी तासन्‌तास उभा असतो. म्हणून त्याला बंद मैदान लागतं, वेळ लागते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस यातून मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासूनचा, एके काळी रात्रभर चालायचा. नियम आल्यावर त्यालाही वेळापत्रक बदलावं लागलं.

आणि आता मिरवणुकांतला डीजे. ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती म्हणजे महोत्सवाचा आवाज मिरवणुकीत आणून बसवणं, तोही महोत्सवाची जबाबदारी न घेता. मागे एकदा आमच्या गल्लीत तासभर असा ट्रक थांबला होता. काचेचं कपाट थरथरत होतं आणि आजी दोन्ही हातांनी छाती धरून स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. याला परंपरा म्हणणं मला अजिबात मान्य नाही. परंपरा हलगीची आहे.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फरक उंबऱ्यावर दिसतो. ‘आई, गड्ड्याला चालले’ म्हटलं की उत्तर येतं, ‘स्वेटर घे, आणि येताना खजूर आण.’ रात्रीचे नऊ वाजलेले असोत, होम मैदानावर पाळणे फिरत असोत, मैत्रिणींबरोबर भजी खात उशीर होवो, कुणी काही म्हणत नाही. आत्या असते, शेजारच्या काकू असतात, अर्धं शहर तिथंच असतं. तीच मी कॉलेजात असताना एका गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट घरी दाखवलं, तर प्रश्नांची रांग लागली. सोबत कोण? मुलं आहेत का? कोण भरवतंय? गाणी तीच होती, जी गड्ड्यातल्या पाळण्यावर मोठ्यानं वाजत होती. विरोध संगीताला नव्हता. तिथं आपलं कोण, हे आईला ठाऊक नव्हतं. तिची ती काळजी खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही.

कर्मठ समाजात महोत्सव रुजत नाहीत, असं मात्र नाही. मोरोक्कोतल्या फेसमध्ये 1994 पासून जगभरच्या भक्तिसंगीताचा महोत्सव होतो. त्या शहराला सूफी गायनाची सवय आधीपासून होती, तोच धागा धरून बाहेरचे गायक बोलावले गेले. सौदी अरेबियात वाट वेगळी. 2018 मध्ये तिथं 35 वर्षांनी चित्रपटगृहं उघडली, 2019 च्या सप्टेंबरात पर्यटक व्हिसा सुरू झाला आणि त्याच डिसेंबरात रियाधजवळ साउंडस्टॉर्म हा प्रचंड नृत्यसंगीताचा महोत्सव भरला. परवानगी वरून आली, एका झटक्यात. आपल्याकडे असं वरून होत नाही, आणि होऊ नये. इथं परवानगी गल्ली देते, म्हणून मला फेसची वाट जवळची वाटते.

सोलापूरला अशी एखादी गोष्ट हवी आहे, हे मी मनापासून म्हणते. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला जाणारी माणसं इथून जातात, दर्शन घेतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. त्यांना एक रात्र थांबवेल असं आपल्याकडे खूप आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू, तिन्ही भाषांतली भजनं एकाच शहरात ऐकायला मिळतात. कन्नड संतांची वचनं आहेत, अभंग आहेत. फेब्रुवारीत ऊन तापायच्या आत, हुरड्याच्या दिवसांत, तीन संध्याकाळी हे सगळं एका मंचावर ऐकवता येईल. पण ते गड्ड्याला जोडून नको, आणि गड्ड्यात व्हीआयपी कक्ष घालून तर नकोच नको. लग्नघरात तिकीटखिडकी कुणी लावत नाही.

आणि फलकावर कलाकारांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी हव्यात: कार्यक्रम किती वाजता सुटतो, आणि सुटल्यावर आसरा चौक, अशोक चौक, जुळे सोलापूरकडे जायला गाडी कुठून मिळते. आई तिकीट हातात घेऊन आधी तेच शोधते.