सगळे तुर्की भाषक देश तेलसंपन्न? छे!

तुर्की भाषक देश, म्हणजे तुर्की कुळातल्या भाषा बोलणारे देश, तेलाने गब्बर, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धाच खरा आहे. तेल-वायूचा पैसा मुख्यतः कझाकस्तान, अझरबैजान आणि तुर्कमेनिस्तानकडे. खुद्द तुर्कस्तान बहुतेक तेल आणि वायू विकत घेतो. त्याची भिस्त कारखाने आणि पर्यटनावर. किर्गिझस्तानकडे तिआन शान पर्वतात ४,००० मीटरवरची कुमतोर सोन्याची खाण, तोक्तोगुल धरणाची वीज आणि रशियात राबणाऱ्यांनी घरी धाडलेले पैसे.

बरं, तेल असूनही कझाकस्तानची गोची आहेच. त्याला लागून असलेल्या कॅस्पियनला समुद्र म्हणतात खरं, पण तो चहूबाजूंनी बंदिस्त. त्यामुळे निर्यातीचं बहुतेक तेल रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदरातूनच निघतं. अझरबैजानने मात्र जॉर्जियामार्गे तुर्कस्तानात जाणारी बाकू-तिबिलिसी-जेहान तेलवाहिनी टाकून २००६ पासून रशियाला वळसा घातला.