अपील नसलेले न्यायालय: न्यायाधीश आयझॅक पार्कर यांची कारकीर्द

३ सप्टेंबर १८७५ रोजी आर्कान्सा राज्याच्या पश्चिम सीमेवरील फोर्ट स्मिथ या गावी सहा जणांना एकाच तख्तावर, एकाच वेळी फाशी देण्यात आली. ते पाहायला हजारोंची गर्दी जमली होती आणि दूरदूरच्या वृत्तपत्रांनी आपले बातमीदार धाडले होते. शिक्षा सुनावणारे न्यायाधीश आयझॅक पार्कर गावात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. ‘फाशी देणारा न्यायाधीश’ ही त्यांची ख्याती त्या दिवसापासूनची. मात्र ज्या कायद्याने आणि ज्या विचित्र अधिकारक्षेत्राने ही ख्याती घडवली, त्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही.

पार्कर यांचा जन्म १८३८ साली ओहायो राज्यात झाला. १८५९ मध्ये वकिलीची सनद घेऊन ते मिझुरीतील सेंट जोसेफला गेले. तेथे नगर वकील, मग राज्याच्या न्यायालयात न्यायाधीश आणि १८७१ पासून चार वर्षे रिपब्लिकन पक्षातर्फे काँग्रेसचे (अमेरिकी संसदेचे) सदस्य, अशा पायऱ्या ते चढले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट त्यांना यूटा प्रदेशाचे मुख्य न्यायाधीश म्हणून पाठवणार होते, पण पार्कर यांनी फोर्ट स्मिथ मागून घेतले. त्या वेळी त्यांचे वय ३६ होते, आणि त्यांच्या आधीचे न्यायाधीश भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे महाभियोगाच्या छायेत पद सोडून गेले होते.

फोर्ट स्मिथचे हे संघराज्याचे (केंद्रीय) न्यायालय आर्कान्सात असले, तरी त्याचे बहुतेक काम सीमेपलीकडचे असे. पलीकडे ‘इंडियन टेरिटरी’, म्हणजे आजच्या ओक्लाहोमाचा भाग होता. चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ आणि सेमिनोल या मूळनिवासी राष्ट्रांना आपल्या मूळ भूमीतून हुसकावून तेथे वसवलेले होते. या राष्ट्रांची स्वतःची न्यायालये होती, परंतु त्यांचा अधिकार त्यांच्या नागरिकांपुरताच चाले. आरोपी किंवा बळी यांपैकी एक जण जरी बाहेरचा असला, तरी प्रकरण फोर्ट स्मिथला येई. यामुळे घोडे चोरणारे, दारूचा चोरटा व्यापार करणारे आणि शेजारच्या राज्यांतून परागंदा झालेले गुन्हेगार आसऱ्याला इंडियन टेरिटरीतच धावत. त्यांना पकडणाऱ्या डेप्युटी मार्शलना, म्हणजे न्यायालयाच्या अटक-अधिकाऱ्यांना, पगार नसे. प्रवासाच्या मैलांवर आणि अटकेवर त्यांची मिळकत ठरे, आणि कैदी मेला तर तीही बुडे. बास रीव्ह्ज हे यांपैकी सर्वांत नावाजलेले. ते गुलामगिरीत जन्मले होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घेऊन ते पाठ करून निघत.

पकडून आणलेल्यांची रवानगी जुन्या लष्करी बराकीच्या तळघरात होई. ठेंगणे छत, दगडी जमीन आणि दोनच मोठ्या कोठड्या असे त्याचे रूप होते. वर न्यायदालन असल्याने उन्हाळ्यात खालची दुर्गंधी थेट वर चढे. सिनेटर डॉझ यांच्या कन्या ॲना डॉझ यांनी १८८६ मध्ये या तुरुंगाचे भीषण वर्णन प्रसिद्ध केले आणि १८८८ मध्ये नवा तुरुंग उभा राहिला.

पार्कर आठवड्याचे सहा दिवस काम चालवीत. २१ वर्षांत त्यांच्यासमोर १३,००० हून अधिक प्रकरणे आली. १६० जणांना फाशीची शिक्षा झाली आणि ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. ज्युरीने (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने) खुनाचा दोष निश्चित केल्यावर संघराज्याच्या कायद्यानुसार फाशी अनिवार्य होती, न्यायाधीशाला पर्यायच नव्हता. आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. तथापि ज्युरीला समजावताना पार्कर यांचा कल आरोपीविरुद्ध स्पष्ट जाणवे, हेही तितकेच खरे. १८८९ पर्यंत त्यांच्या निकालावर अपील नव्हते. उरे तो राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज.

१८८९ च्या कायद्याने फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येऊ लागली, आणि तेथे गेलेल्या शिक्षांपैकी सुमारे दोन तृतीयांश रद्द झाल्या. १८९५ चे बेअर्ड प्रकरण तर एका गायीवरून झालेल्या भांडणाचे होते. हल्ला झाल्यास माणसाने शक्य तितके मागे हटावे, असे पार्कर यांनी ज्युरीला सांगितले होते. आपल्या जागेत उभ्या असलेल्या निर्दोष माणसावर तसे बंधन नाही, असे म्हणून न्यायमूर्ती हार्लन यांनी निकाल फिरवला. स्वसंरक्षणाच्या अमेरिकी कायद्यात हा निकाल आजही उद्धृत होतो.

त्याच वर्षी जुलैत, अपिलामुळे फाशी लांबलेल्या ‘चेरोकी बिल’ या टोपणनावाच्या कुख्यात गुन्हेगाराने चोरून आत आलेल्या पिस्तुलाने तुरुंगातील एका पहारेकऱ्याला ठार केले. पार्कर संतापले. सर्वोच्च न्यायालय तांत्रिक त्रुटींवरून गुन्हेगारांना सोडते, असे ते उघडपणे बोलले आणि न्याय खात्यातील अधिकाऱ्यांशी त्यांचा वृत्तपत्रांतून वाद रंगला. एका पीठासीन न्यायाधीशाला हे शोभले नाही, असेच म्हणावे लागेल. याच पार्कर यांनी शेवटच्या दिवसांत एका बातमीदार महिलेला सांगितले, की शिक्षा चुकणार नाही अशी खात्री असेल, तर आपण फाशी रद्द करण्याच्या बाजूचे आहोत.

१ सप्टेंबर १८९६ रोजी इंडियन टेरिटरीवरील न्यायालयाचा अधिकार संपला, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. तीन आठवड्यांनी, ७ डिसेंबरला, ॲलन नावाच्या एका किशोरवयीन आरोपीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निकाल कायम ठेवला. त्याआधी याच खटल्यातील निकाल त्याने दोनदा रद्द केला होता. एकमत न होणाऱ्या ज्युरीतील अल्पमतवाल्यांनी आपल्या मताचा पुन्हा विचार करावा, ही पार्कर यांच्या न्यायालयातील सूचना या वेळी मान्य झाली आणि ती ‘ॲलन चार्ज’ या नावाने अमेरिकेच्या अनेक न्यायालयांत अजूनही वाचली जाते. जानेवारी १८९७ मध्ये काँग्रेसने कायदा बदलून, दोषी ठरवतानाच फाशी नको असे म्हणण्याचा अधिकार ज्युरीला दिला.