परदेशी पर्यटनस्थळांवरील स्कूबा डायव्हिंग : सुरक्षितता

पाठीवरच्या टाकीतील दाबाखालची हवा श्वासावाटे घेत पाण्याखाली वावरण्याच्या क्रियेस स्कूबा डायव्हिंग म्हणतात. मालदीव, थायलंड, बाली, इजिप्तलगतचा तांबडा समुद्र आणि ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरिअर रीफ ही त्याची गाजलेली परदेशी ठिकाणे आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर वसलेल्या पुण्यातील हौशी माणूस बहुधा जलतरण तलावात पहिले धडे गिरवतो, फार तर तारकर्लीला किंवा अंदमानात एक-दोनदा पाण्यात उतरतो आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांच्या सहलीत थेट परक्या समुद्रात जातो. अशा प्रवाशाच्या दृष्टीने धोका दोन गोष्टींत असतो : पाण्याच्या दाबात आणि सहलीच्या वेळापत्रकात. त्यांपैकी दाबाचे नियम ठरलेले असल्याने त्यांत तडजोड होत नाही. वेळापत्रक मात्र घरी बसून बदलता येते, आणि नेमके तेच सहसा बदलले जात नाही.

समुद्रात दर १० मी. खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर तो एक, १० मी. वर दोन आणि २० मी. वर तीन वातावरणे असतो. श्वासाची हवाही त्याच दाबाने मिळत असल्यामुळे टाकी त्या प्रमाणात लवकर संपते. उदाहरणार्थ, १२ लिटरच्या, २०० बार (एक बार म्हणजे सुमारे एक वातावरण) दाबाने भरलेल्या टाकीत साधारण २,४०० लिटर हवा असते. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल, पण २० मी. खोलीवर जेमतेम ४० मिनिटे; त्यातूनही ५० बारची शिल्लक राखायची, तर हाती ३० मिनिटेच उरतात. घाबरलेला माणूस याहून वेगाने हवा संपवतो.

वर येताना हेच गणित उलटे होते. बॉइलच्या नियमानुसार १० मी. खोलीवर श्वास रोखून धरणाऱ्याच्या छातीतील हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते, तर ३० मी. वरून २० मी. पर्यंत येताना ती एक-तृतीयांशानेच वाढते. त्यामुळे उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी हा समज चुकीचा ठरतो. भरलेल्या छातीने श्वास कोंडून दीड मीटरभर वर आले, तरी फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात, तेथून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. श्वास कधीही रोखू नये, हा या विद्येचा पहिला नियम त्यामुळेच आहे.

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात व ऊतींत विरघळतो आणि दाब झपाट्याने उतरल्यास त्याचे बुडबुडे होतात. या विकाराला डायव्हर मंडळी ‘बेंड्स’ म्हणतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. खोली व वेळ मोजून वर कसे यावे हे सांगणारा, मनगटावरचा आजचा डाइव्ह कॉम्प्युटर त्याच विचाराचा वारस आहे. हौशी डायव्हरने मिनिटाला सुमारे ९ मी. पेक्षा वेगाने वर येऊ नये आणि ५ मी. वर तीन मिनिटे थांबावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. डाइव्ह कॉम्प्युटर प्रत्येकाचा स्वतंत्र हवा; जोडीदाराच्या यंत्रावर दोघांनी विसंबणे व्यर्थ आहे, कारण दोघांची खोली आणि वेळ तंतोतंत सारखी नसते.

खोलीची मर्यादा प्रशिक्षणावर ठरते. प्रशिक्षकाचे बोट धरून केलेल्या परिचयात्मक डायव्हला १२ मी., प्राथमिक प्रमाणपत्राला १८ मी., पुढच्याला ३० मी., आणि हौशी डायव्हिंगची एकूण मर्यादा ४० मी. अशी ही चढण आहे. साधारण ३० मी. पासून नायट्रोजनची गुंगी अनेकांना जाणवू लागते. मालदीवमध्ये तर हौशी डायव्हिंगची ३० मी. ही मर्यादा नियमानेच घालून दिलेली आहे.

प्रत्येक ठिकाणाची खोडी वेगळी असते. मालदीवमध्ये प्रवाळद्वीपांमधल्या, स्थानिक भाषेत ‘कांडू’ म्हटल्या जाणाऱ्या, खिंडींतून भरती-ओहोटीचे पाणी जोराने वाहते. तेथे बोटीपासून दूर वाहवत गेल्यास दिसावे म्हणून फुगवता येणारी नारिंगी निशाणी जवळ ठेवतात. बालीजवळच्या नुसा पेनिदा येथे जुलै ते ऑक्टोबर या काळात सनफिश हा अवाढव्य मासा पाहायला गर्दी होते, पण तेव्हाच खालून थंड पाणी वर येते आणि काही प्रवाह माणसाला खाली ओढतात. अशा वेळी सरळ वर झगडण्यापेक्षा आडवे पोहून प्रवाहाबाहेर पडणे श्रेयस्कर असते. इजिप्तमधील दहाब येथील ‘ब्लू होल’ची खडकाळ कमान ५० मी. हून खोल आहे. नितळ पाण्यात ती हाताशी असल्यासारखी भासते आणि तिच्या मोहाने अनेकांचे प्राण गेले आहेत.

बोटीवरील शिस्तही पाण्याखालच्या शिस्तीइतकीच महत्त्वाची असते. जानेवारी १९९८ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकी दांपत्य पाण्यातच राहिले आणि बोट परतली. ते नसल्याचे दोन दिवसांनी लक्षात आले आणि ते दोघे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलंडमध्ये माणसे मोजण्याचे नियम कडक झाले. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला रात्री आग लागून ३४ जण दगावले. रात्री फिरता पहारा नसल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. बोटीवर मुक्काम करायचा असल्यास रात्री पहाऱ्यावर कोण असतो आणि झोपण्याच्या जागेतून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, हे आधीच विचारावे. विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. टाकीतील हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असल्यास ती टाकी नाकारावी, कारण काँप्रेसरच्या धुरासोबत गंधहीन कार्बन मोनॉक्साइडही आत आलेला असू शकतो.

निघण्यापूर्वी हृदयविकार, दमा व रक्तदाब यांविषयीची आरोग्य-प्रश्नावली खरेपणाने भरणे आवश्यक आहे. सहलीचे पैसे बुडतील म्हणून ‘नाही’वर खूण करणारे बरेच असतात, सर्दीने कान-नाक चोंदले असता उतरणारेही. साध्या प्रवास-विम्यात डायव्हिंग वगळलेले किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरलेले असू शकते, तेव्हा ते कलम वाचावे.

परतीच्या विमानाचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. विमानात हवेचा दाब २,४०० मी. पर्यंतच्या उंचीइतका, म्हणजे सिंहगडाच्या माथ्याहूनही हजारभर मीटर उंच ठिकाणी असावा तितका, उतरू शकतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डायव्हनंतर किमान १२ तास, अनेक डायव्हनंतर किमान १८ तास आणि वर येताना नेहमीच्या तीन मिनिटांपलीकडे सक्तीने थांबावे लागलेल्या डायव्हनंतर त्याहून बरेच जास्त थांबावे, असा संकेत आहे. सोयीसाठी अनेकजण सरसकट २४ तास धरतात. (सकाळी तारकर्लीला डायव्ह करून लगेच ६९० मी. उंचीवरील आंबोलीचा घाट चढणाऱ्यानेही हाच विचार थोड्या प्रमाणात करायला हवा.) सहलीचा शेवटचा दिवस कोरडा ठेवला, की हा प्रश्न सुटतो.

सांधेदुखी, त्वचेला खाज, हातापायांना मुंग्या, अशक्तपणा, चक्कर ही बेंड्सची लक्षणे बहुधा काही तासांत, क्वचित घरी पोहोचल्यावर दिसतात आणि प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढली जातात. पुण्यातल्या डॉक्टरला समुद्राची शंका आपणहून येणार नाही. तेव्हा किती खोल, किती वेळा आणि कधी उतरलो होतो, हे रुग्णानेच सांगायला हवे. प्रथमोपचार म्हणून शुद्ध ऑक्सिजन देतात, तर मुख्य उपचार दाबकक्षात होतो. तेथे रुग्णाला १८ मी. खोलीइतक्या दाबाखाली नेऊन सुमारे पाच तासांत हळूहळू पूर्ववत आणतात. उशीर झाला तरी या उपचाराचा उपयोग होऊ शकतो.