दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: १४०० किमी जास्त, तरी दोन तास आधी

दोन शहरांमधलं अंतर गूगलवर बघायचं, त्याला विमानाच्या स्पीडने भागायचं की झालं, एवढे तास लागणार, असं आपण धरून चालतो. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे गणित पार उलटं करून दाखवलं.

त्यांची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किमी. मग त्यांनी ती पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, म्हणजे १५,३०० किमी, आणि तरी पहिली फ्लाइट साडेचौदा तासात पोचली, जवळजवळ दोन तास आधी! भागाकार करून बघा, ताशी १०५५ किमी पडतात. बोइंग ७७७ चा नेहमीचा स्पीड ९०० च्या आसपास असतो, मग वरचे दीडशे आले कुठून? वाऱ्यातून.

आपल्या डोक्यावर ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, त्यामुळे वरच्या थरात हवा ध्रुवाकडे ढकलली जाते आणि पृथ्वी फिरते म्हणून ती वळून पूर्वेकडे धावायला लागते. थंडीत हा फरक वाढतो तसा जोरही वाढतो, जपानच्या आसपास तर ताशी ३०० किमीच्याही वर जातो. विमानाचं इंजिन त्याला हवेच्या तुलनेत पुढे नेतं, आता ती हवाच पुढे चालली असेल तर जमिनीवरून मोजलेला स्पीड आपोआप वाढतो, एअरपोर्टवरच्या सरकत्या पट्ट्यावर चालल्यासारखं.

बऱ्याच जणांना वाटतं की पृथ्वी खाली फिरते म्हणून एका दिशेला वेळ कमी लागतो. तसं नाहीये, कारण पृथ्वीबरोबर हवा पण फिरतेच, विमान पण.

मला यात सगळ्यात भारी वाटतात ते वासाबुरो ओइशी. या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून, दुर्बिणीने त्यांचा माग काढत हे वारे मोजले होते आणि जगाने वाचावं म्हणून रिपोर्ट चक्क एस्पेरांतोमध्ये, म्हणजे जगभरच्या लोकांसाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापला. पण जपानबाहेर फारसं कोणी लक्षच दिलं नाही, आणि १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर गेली तेव्हा पायलट त्या वाऱ्याने चक्रावून गेले.

एअर इंडियाची ती पहिली फ्लाइट रविवारी पहाटे निघाली, पॅसिफिकवर तारीख-रेषा (जिथे तारीख एका दिवसाने बदलते ती रेषा) ओलांडल्यावर शनिवार लागला आणि उतरली ती परत रविवारी सकाळी. मुंबई-लंडनला मात्र पूर्वेकडून वळसा परवडण्यासारखा नाही, समोरचा वारा तोंडावर घेतच जावं लागतं, म्हणून येण्यापेक्षा जायला साधारण तासभर जास्त लागतो.